दीड सेकंद

हिवाळी सुट्टीत आम्हा अकरा शिक्षकांना शाळेत बोलावलं.
अत-बाशीच्या रस्त्यावर गुडघाभर बर्फ,
शेगडीत कोळसा नुसता धुमसत होता,
आणि बिश्केकहून आलेला उर्मात, वय चोवीस,
कानात पांढरे प्लास्टिकचे बोळे,
म्हणाला, "एजे, घाबरायचं काही नाही. बोट टेकवा."

टेकवलं.
टॅबलेटनं ओळख दिली नाही.
पुसून टेकवलं, फुंकर मारून टेकवलं,
नवऱ्याच्या कोटावर घासून टेकवलं.
एकतीस वर्षं खडू, त्याआधी आईसोबत
नमद्याची लोकर आणि कढत पाणी;
बोटांवरच्या रेषा कधी झिजून गेल्या, कळलंच नाही.
शेवटी डाव्या करंगळीवर त्याचा विश्वास बसला.
आता सरकारदरबारी मी म्हणजे
माझी डावी करंगळी.

गणिताचे शामशी सर दर क्लिकला बिस्मिल्ला म्हणायचे.
इतिहासाच्या दामिरानं पासवर्ड चहाच्या पुड्यावर लिहिला
आणि पुडा चुलीत गेला.
आम्ही हसलो. मग माझा माउस टेबलावरून खाली पडला,
तेव्हा तेही हसले.
इतक्या वर्षांनी पुन्हा
मागच्या बाकावर बसल्यासारखं वाटत होतं.

सुट्टी संपली. गृहपाठ एकच:
एक तास रेकॉर्ड करा, घरी ऐका.

रात्री भांडी आवरून मी स्वयंपाकघरात बसले.
आधी वाटलं, कुणी दुसरीच बाई आहे,
कुठेतरी पोचायची घाई झालेली.
ती विचारत होती,
"डोंगरावर पाणी लवकर उकळतं,
तरी मांस शिजायला जास्त वेळ का?
कोण सांगेल? कुणीच नाही? बरं, मीच सांगते."
आणि सांगून मोकळी.

पडद्यावर माझा आवाज टेकड्यांसारखा दिसत होता,
एकीला लागून दुसरी, दुसरीला लागून तिसरी.
प्रश्न आणि उत्तर यांच्या मध्ये
नखाएवढी सपाट जागा.
मी बोट ठेवून मोजली:
दीड सेकंद.
पुढचा प्रश्न: दीड. त्याच्या पुढचा: एक.
नवरा आतून ओरडला, "कुणाशी बोलतेयस?"
मी म्हटलं, "कुणाशीच नाही."
खरंच तर होतं ते.

मग मी नववीच्या दुसऱ्या तुकडीत
तोच प्रश्न विचारला
आणि तोंड मिटून उभी राहिले.
दोन. तीन.
हात आपोआप फळ्याकडे गेला, तो मागे घेतला.
चार.
कुणीतरी पेन्सिल पाडली. खिडकीवर बर्फ घसरला.
पाच. मुलं एकमेकांकडे पाहू लागली,
बाईंना बरं नाही का?
सहा. सात.
फळ्याजवळ मी एवढी एकटी कधीच नव्हते.
नऊला मागून खुर्ची वाजली.

तालाय.
उन्हाळ्याचे चार महिने मेंढ्यांमागे वरच्या कुरणात.
हजेरीपटात त्याच्या नावापुढे
मीच शिसपेन्सिलीनं बारीक लिहिलं होतं: मंद.
तो बाकाकडे बघत म्हणाला,
"एजे, वर पाणी उकळतं,
पण पुरेसं तापत नाही.
नुसतं उसळतं. म्हणून आजी
कढईच्या झाकणावर दगड ठेवते."

मी "बरोबर" म्हणाले नाही.
म्हणजे, म्हणायचं राहिलंच.
फक्त खाली बसले, त्याच्याच बाकाच्या कडेला,
आणि विचारलं, "केवढा दगड?"
मग अख्ख्या वर्गानं सांगितलं, केवढा.

मार्चमध्ये उर्मातचा फॉर्म आला:
प्रशिक्षणातून आपण काय शिकलात?
चौकटी होत्या: सादरीकरण, तक्ते, चित्रफीत, इतर.
मी 'इतर' निवडलं.
खाली रिकामी जागा उघडली,
तिच्यात एक काडी लुकलुकत होती,
यायची, जायची, यायची.
तिला कसलीच घाई नव्हती.
मीही बसून राहिले, शब्द शोधत.

थोड्या वेळानं पान म्हणालं:
आपण फार वेळ थांबलात.
कृपया पुन्हा आत या.

मी हसत करंगळी टेकवली.